प्लगच्या होलात ऑइल आणि यूव्ही डाय किट: घ्या, पण आधी कापूस घ्या

साडेतीन स्टार. ज्यांना फक्त आकडा बघायचाय ते मोकळे. एक स्टार टॉर्चच्या डोक्याने खाल्ला आणि अर्धा गॉगलच्या इलॅस्टिकने, ते पुढे येईलच.

इंजिन ऑइल कुठून गळतंय ते शोधायच्या या किटमध्ये काय तर ऑइलमध्ये टाकायच्या दोन छोट्या बाटल्या, जांभळा उजेड पाडणारी टॉर्च (वर ३९५ नॅनोमीटर लिहिलंय) आणि पिवळ्या काचेचा गॉगल. डाय ऑइलमध्ये मिसळून इंजिनभर फिरतो, ऑइल जिथून बाहेर येतं तिथून तोही बाहेर येतो, आणि अंधारात टॉर्च मारली की हिरवट पिवळा चमकतो. एसीचा गॅस कुठून जातोय ते शोधायलाही असंच करतात, फक्त त्याचा डाय वेगळा असतो आणि कूलंटचा अजून वेगळा, पाण्यात मिसळणारा. एकाचा दुसऱ्यात टाकू नका, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

आता मला हे का घ्यावं लागलं ते. गाडी चार सिलेंडर पेट्रोल, डबल कॅम, प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारी, प्लग ज्या खोल होलात असतो त्यातच ती वरून बसते). सकाळी स्टार्ट केली की पहिली दोन मिनिटं थडथडायची, मग आपोआप ठीक, म्हणून मी पण लक्ष दिलं नाही, आणि मग एक दिवस चढावर जरा दाबली तर झटके खायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. लुकलुकतोय म्हणजे मिसिंग (सिलेंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) एवढं आहे की न जळालेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतंय, अशा वेळी गाडी दामटत घरी आणायची नसते. मी आणली. असो.

गाडीचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर कोड पी०३०३. म्हणजे तीन नंबरला मिसिंग, शेवटचा आकडा सिलेंडरचा असतो, आणि पी०३०० आला तर एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही असं समजायचं. तीन नंबरची कॉइल ओढली तर बाटलीचं बूच निघावं तसा पचकन आवाज आला आणि कॉइलखालचं लांब रबर अर्ध्यापर्यंत ऑइलने लडबडलेलं. आत टॉर्च मारली तर प्लगचं डोकं दिसतच नाही, नुसतं काळं चकचकीत डबकं. दोन नंबरला पण थोडं ऑइल होतं, चारला ओलसरपणा, एक कोरडा.

गॅरेजला दाखवली. मेकॅनिकने कॉइल हातात घेतली, एकदा फिरवून बघितली आणि म्हणाला, साहेब रिंगा गेल्यात, हेड खोलावं लागेल. मी म्हटलं दादा प्लग काढून तरी बघा. तर म्हणे काढून काय बघायचंय, ऑइल दिसतंय ना. इथेच मला शंका आली, कारण पिस्टनच्या रिंगा गेल्या तर ऑइल येतं खालून, सिलेंडरमध्ये, प्लगच्या टोकावर, आणि हे होतं वर, प्लगच्या होलात, आणि मधे प्लग घट्ट बसलेला. प्लगचं वॉशर आणि आटे मिळून एवढं घट्ट सीलिंग असतं की सिलेंडरमधला सगळा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, ते धरून ठेवतात, तिथून वर वाटीभर ऑइल कसं येईल. गाडी परत घेऊन आलो आणि किट मागवलं.

किट यायला वेळ होता तेवढ्यात जे केलं त्यातच निम्मं उत्तर मिळालं, म्हणून तेही लिहितो.

आधी कॉइल बदलून बघितली. तीन नंबरची एकाला लावली आणि एकाची तीनला, कोड पुसला, थोडं फिरवली, तर कोड आला पी०३०१. म्हणजे मिसिंग कॉइलबरोबर सरकलं, तीन नंबरच्या सिलेंडरची काही चूक नाही. ऑइल लागून लागून ते रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग स्पार्क प्लगच्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी रबराच्या आतूनच बाजूच्या लोखंडावर उडी मारतो. नीट बघितलं तर आत बारीक काळी रेघ दिसते, पेन्सिलने ओढल्यासारखी, तोच त्याचा रस्ता. एकदा तो पडला की पुसून काही उपयोग नाही, रबर बदलायचं, आणि ते वेगळं मिळत नसेल तर अख्खी कॉइल.

मग प्लग काढणं. इथे घाई केली तर दुखणं वाढतं, कारण होलात ऑइल असताना प्लग उघडला की ते सगळं डबकं सरळ सिलेंडरमध्ये उतरतं, आणि मग प्लगचे आटे आणि टोक दोन्ही ऑइलने माखून बाहेर येतात आणि बघणारा म्हणतो बघा, टोकावर ऑइल आहे, रिंगा गेल्या! निम्मे गैरसमज इथेच होत असावेत असं माझं मत. आधी सिरिंजला बारीक नळी लावून ऑइल ओढून घ्या, मग लांब काठीला कापूस किंवा सुती फडकं गुंडाळून टिपा, कापूस कोरडा येईपर्यंत टिपा. मला तीन नंबरला अकरा बोळे लागले, मोजले मी. इंजिन गार असताना करा, आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारायचा असेल तर गारच हवं कारण ती वाफ पेट घेते. होलात हवा मारणार असाल तर डोळ्यावर गॉगल लावा, आतली वाळू आणि ऑइल दोन्ही तोंडावर उडतं.

प्लग बाहेर आला तेव्हा वरचा पांढरा भाग आणि पान्याचा सहा कोनांचा भाग तेलकट, पण टोक कोरडं, फिकट बदामी. म्हणजे आत जळण व्यवस्थित आहे. टोक जर ओलं, काळं आणि चकचकीत असतं तर गोष्ट वेगळी होती, मग रिंगा नाहीतर वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत उतरू न देणारं रबर), आणि त्या दोघांतही फरक करता येतो. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर एकदम येऊन थांबत असेल, किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबला की भसकन धूर, तर संशय वॉल्व्ह सीलवर. दाबून चालवताना सतत निळा धूर असेल तर रिंगांवर. पक्कं करायला कॉम्प्रेशन मोजायचं, कमी आलं तर प्लगच्या होलातून सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर वॉल्व्ह नाहीतर हेडचं गॅस्केट. आणि टोक काळं पण कोरडं, काजळीसारखं, तर ते ऑइल नाहीच, पेट्रोल जास्त येतंय.

एका गोष्टीने मात्र मला रात्रभर झोप नाही. प्लगच्या पांढऱ्या भागावर, जिथे तो धातूत शिरतो त्याच्या अगदी वर, तपकिरी पट्टा होता, भाजल्यासारखा. मला वाटलं गॅस फुटतोय, प्लग चिरला. तर त्याला कोरोना स्टेन म्हणतात. तिथे एवढं व्होल्टेज असतं की हवेतले ऑइलचे बारीक कण ओढले जाऊन चिकटतात, बाकी काही नाही, प्लग चांगला असतो. या डागावरून प्लगचा अख्खा सेट बदलायला लावणारे भेटतील, सावध राहा.

आता किट.

सगळी होलं कोरडी करून प्लग आणि कॉइल परत बसवल्यावर डाय टाकला, पत्रकात लिहिलं होतं ४ लिटर ऑइलला एक बाटली, तेवढाच. पत्रकात हेही लिहिलंय की दहा मिनिटं इंजिन चालवा आणि बघा. खाली धो धो गळत असेल तर ठीक आहे, पण प्लगच्या होलात थेंब थेंब येतं, त्याला दहा मिनिटांत काय दिसणार, डोंबल. मी चार दिवस रोजच्यासारखी गाडी चालवली.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा हबकलोच. चारही होलांच्या तोंडाशी चमक, कॉइलवर चमक, वायरच्या कनेक्टरवर चमक, टॅपेट कव्हरवर (इंजिनाचं अगदी वरचं झाकण) चमक. मी म्हटलं संपलं, चारही होलांचे सील गेले, कव्हरच्या बाहेरच्या कडेचं पॅकिंग पण गेलं. मग एका कनेक्टरवर नीट बघितलं तर चमक अंगठ्याच्या आकाराची होती. रेघांसकट. डाय ओतताना ग्लोव्हजला लागला होता आणि तेच ग्लोव्हज घालून मी कॉइलचे बोल्ट आवळले होते. म्हणजे मी स्वतःचेच ठसे शोधत होतो अर्धा तास! किटवर एका ओळीत लिहायला हवं होतं की डाय ओतल्यावर ग्लोव्हज फेकून द्या, हे दर रिव्ह्यूत कुणीतरी लिहायला पाहिजे आणि कुणी लिहीत नाही. परत सगळं पुसून काढलं, टॉर्च मारत मारत पुसलं, परत चार दिवस.

दुसऱ्यांदा मजा आली. एक नंबर कोरडा. दोन नंबर कोरडा, पूर्ण कोरडा, चमक शून्य. मग आधीचं ऑइल कुठून आलं? ऑइल भरायचं झाकण बरोबर दोन नंबरच्या वर आहे, ऑइल टाकताना सांडलेलं वाहत जाऊन कॉइलच्या कडेने आत गेलेलं. म्हणजे ते गळतच नव्हतं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढं कळायला डाय लागत नाही, पुसून चार दिवसांनी परत बघितलं तरी कळतं. कापूस.

पण तीन नंबरला डायने पैसे वसूल केले. प्लगचं होल म्हणजे हेडमध्ये उभी बसवलेली ट्यूब, तिच्यात ऑइल येण्याच्या जागा दोन. वर, टॅपेट कव्हरमध्ये ट्यूबभोवती बसणारं गोल सील, किंवा खाली, ट्यूब जिथे हेडमध्ये बसते तो जॉइंट, काही इंजिनात तिथे ओ-रिंग असते, काहींत ट्यूब ठोकून नाहीतर सीलंट लावून बसवलेली असते. तळाशी ऑइल जमलेलं दोन्हीत सारखंच दिसतं, आणि काम मात्र दोन्हीत वेगळं, वरचं सील असेल तर कव्हर काढून दुपारभरात होतं, खालचं असेल तर काही इंजिनात रॉकरची (वॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची) अख्खी असेंब्ली उचलावी लागते. साध्या टॉर्चने बघितलं तर ट्यूबची भिंत सगळीकडे सारखीच काळपट. यूव्ही टॉर्च मारल्यावर मात्र एक बारीक हिरवी पिवळी रेघ, एक्झॉस्टच्या बाजूला, सीलच्या ओठाखालून सुरू होऊन सरळ तळापर्यंत. खालून येत असतं तर तळाशी चमकलं असतं आणि वरची भिंत कोरडी राहिली असती. चार नंबरला पण तशीच रेघ, पण अर्ध्यावर थांबलेली, म्हणजे सुरुवात.

आता टॉर्चचं रडगाणं. तिचं डोकं प्लगच्या होलापेक्षा रुंद आहे. वरून धरली तर होलच झाकलं जातं आणि डोळा घालायला जागा राहत नाही, तिरकी धरली तर उजेड अर्ध्या भिंतीपर्यंतच जातो. मी शेवटी पुठ्ठ्याची बारीक नळी करून टॉर्चच्या तोंडाला चिकटवली. कॅमेरावाला एंडोस्कोप घालून बघितला तर त्याचा स्वतःचा पांढरा उजेड एवढा की डायची चमक मरते, आणि तो बंद केला तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. गळती शोधायचंच किट आहे तर टोकाला बारीक वाकणारी टॉर्च द्यायला काय झालं होतं. दुसरा उपाय, काठीला कापूस लावून भिंतीवर एकेका उंचीवर टिपायचं आणि कापूस बाहेर आणून त्यावर टॉर्च मारायची. परत कापूस.

अजून एक, दिवसा बघू नका. जांभळा उजेड एवढा फाकतो की सगळंच चमकल्यासारखं वाटतं, अंधार पडल्यावर आणि गॉगल लावूनच बघा, पिवळी काच तो जांभळा रंग अडवते आणि फक्त डाय उरतो. शिवाय साधं इंजिन ऑइल पण या उजेडात फिकट निळसर दिसतं, ते बघून गळती गळती ओरडू नका, डायचा हिरवा पिवळा एकदम वेगळा असतो, एकदा बघितला की विसरत नाही. गॉगलची काच चांगली आहे, इलॅस्टिक तिसऱ्या दिवशी तुटलं, रबरबँड लावलंय.

कव्हर मीच उघडलं. तीन नंबरचं सील हातात घेतलं तर रबर राहिलंच नव्हतं, नख रुतवलं तर रुतेना, नुसतं प्लास्टिक, आणि ओठाला जी चीर होती ती बरोबर त्या रेघेच्याच बाजूला. खरं सांगतो, एवढा आनंद झाला की बायकोला गॅरेजमध्ये बोलावून दाखवलं, ती म्हणाली छान, हात धू. चारही सील बदलले आणि बाहेरचं पॅकिंग पण, एक गेलं म्हणजे बाकीचे पण त्याच वयाचे, परत परत कव्हर कोण काढणार. तुमच्या इंजिनात सील वेगळे मिळतात का ते आधी बघा, काहींत ते कव्हरमध्येच बसवलेले असतात आणि अख्खं कव्हर घ्यावं लागतं. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर मॅन्युअल सांगत असेल तेवढाच सीलंटचा ठिपका, सगळीकडे थापायचं नाही, जास्तीचा आत गळून ऑइलच्या वाटा बुजवतो. आणि बोल्ट! टॅपेट कव्हरचे बोल्ट बहुतेक गाड्यांत १० न्यूटन मीटरच्या आसपासच असतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. गळतंय म्हणून अजून आवळला की पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं आणि जास्त गळतं. प्लग माझ्याकडे १४ मिलिमीटरच्या आट्यांचे, हेड अॅल्युमिनियमचं, त्याला २५ ते ३० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच (ठरावीक जोर आला की क्लिक होणारा पाना) नसेल तर वॉशरवाला नवा प्लग हाताने बसेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. आटे कोरडे हवेत, त्यावर ऑइल राहिलं तर रेंच क्लिक होईपर्यंत प्लग हवा त्यापेक्षा जास्त आवळला गेलेला असतो.

एक गोष्ट किटने सांगितली नाही आणि सांगूही शकत नाही, ती म्हणजे सील का गेलं. उष्णता आणि वय हे आहेच, पण पीसीव्ही वॉल्व्ह जाम असेल तर क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातला, दाब बाहेर जायला वाट मिळत नाही आणि तो सीलवर येतो, मग नवीन टाकलेलं सील पण वर्षभरात परत. माझा वॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर काही खुळखुळलं नाही, चांगला असेल तर आतला तुकडा टकटक वाजतो. बदलला. नवीन बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि त्यावर कागद धरला, हलकासा ओढला गेला. जुन्यावर हाच कागद फडफडत वर उडत होता. ही परीक्षा फुकटची आहे, सील बदलायच्या आधी करा.

डाय पुढच्या ऑइल बदलेपर्यंत आत राहतो, इंजिनाला त्रास नाही. फक्त काम झाल्यावर होलं पुन्हा नीट पुसा, नाहीतर जुनी चमक बघून वाटेल नवीन सील पण गळतंय. माझं काम होऊन आता दोन महिने झाले, परवा रात्री बघितलं, चारही ट्यूब कोऱ्या, कोड नाही, सकाळची थडथड नाही. फक्त बॉनेटच्या आतल्या बाजूला एक हिरवा अंगठा अजून चमकतोय, तो कसा काय राहिला कुणास ठाऊक. दुसरी बाटली उरलीये, खाली संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेला ओलसर दिसतंय त्यासाठी ठेवलीये, यावेळी ग्लोव्हजचे दोन जोड घेऊन बसणार.